आबांचा आवाज आणि जावयाचे व्हॉल्व्ह

वसुंधरा, गाझियाबाद
२४ मे २०२६

आदरणीय भानुमतीताईस,

धाकट्या सुखदेवचा सप्रेम जयभीम. भाऊजींनाही सांग. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आता महिना होत आला, म्हणजे त्यांना वर्तमानपत्र वाचता येऊ लागलं असणार आणि तुझ्यामागची त्यांची भुणभुण पुन्हा सुरू झाली असणार. तुझा गुडघा कसा आहे? हिंगणघाटचा उन्हाळा कसा आहे हे मुद्दाम विचारत नाही, कारण मग तू इथला विचारशील. इथे पारा पंचेचाळीसवर आहे, दुपारी धुळीची आंधी येते, रमा दिवसातून दोनदा फरशी पुसते आणि दोन्ही वेळा माझ्याकडे असं बघते की ती धूळ मीच राजस्थानातून मागवली आहे. बाकी सगळ्यांच्या प्रकृती ठीक आहेत.

तू म्हणशील, एक दिवसाआड फोन होतो, मग हे कुरिअरने पत्र कशाला? ताई, हे फोनवर बोलण्यासारखं नाही. आमचा फ्लॅट तू पाहिला आहेस. हॉलमध्ये कुजबुजलं तरी मागच्या खोलीत उत्तर मिळतं. आणि मला बोलायचं आहे ते जावयाबद्दल. आमच्या लुंबिनीच्या आणि अतुलच्या नोएडाच्या घरात फरशा बदलायचं काम निघालं म्हणून दोघं मार्चपासून आमच्याकडे राहायला आहेत. मुलावर ओरडता येतं, भावावर ओरडता येतं, बायकोवर ओरडायचा निदान विचार करता येतो. जावयावर ओरडायची सोय मात्र आपल्यात कुणी करून ठेवलेली नाही. ‘अतुलराव, तुमचंही बरोबर आहे’ हे वाक्य मी या तीन आठवड्यांत इतक्या वेळा बोललो आहे की परवा भाजीवाल्यालाही तेच म्हणालो. तो सगळा साठलेला राग आज मी तुझ्याकडे रवाना करतो आहे. पाकीट जड लागलं तर समजून घे.

तर ऐक. बुद्धपौर्णिमेला सकाळी आम्ही वंदना आटोपून खीर खायला बसलो होतो, तेवढ्यात दोन माणसं एक भलंमोठं खोकं घेऊन तिसरा मजला चढून आली. (लिफ्ट बंद होती. ती का बंद होती आणि आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी गौरव त्यावर काय म्हणतो, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.) खोक्यातून जे निघालं ते पाहून मला आपल्या शाळेतला रेडिओ आठवला. गुरुजी बातम्यांच्या पाच मिनिटं आधी तो लावून ठेवायचे, कारण आतले काचेचे दिवे तापल्याशिवाय तो तोंड उघडत नसे, तो. तेच दिवे, ताई. व्हॉल्व्ह म्हणतात त्यांना. आठ व्हॉल्व्ह एका लोखंडी पाटावर उघडेवाघडे उभे केलेले, मागे ट्रान्सफॉर्मर, आणि एकूण वजन बावीस किलो चारशे ग्रॅम. (मी केलं. घरात काटा आहे.) याला म्हणायचं ॲम्प्लिफायर, म्हणजे कॅसेटमधून येणारा बारीक आवाज मोठा करून स्पीकरकडे पोचवणारं यंत्र. तसलं यंत्र आमच्याकडे नव्हतं का? होतं. एक्क्याण्णव सालापासून आहे. ट्रान्झिस्टरचं आहे, सहा किलोचं आहे, बटण दाबलं की तत्काळ बोलायला लागतं आणि पस्तीस वर्षांत त्याने कधी डोकं तापवून घेतलेलं नाही. अतुलरावांनी ते दोन्ही हातांनी उचललं आणि अत्यंत आदराने चपलांच्या कपाटावर ठेवलं. आदराने ठेवलं म्हणून मला काही बोलता आलं नाही.

हे नवं यंत्र चालू केलं की हॉलमध्ये शेगडी पेटवल्यासारखं होतं. मग एसी लावायचा. एसी आणि व्हॉल्व्ह एकत्र चालले की स्टॅबिलायझर टकटक करू लागतो. मग एसी बंद करायचा, आणि पंखाही बंद करायचा, कारण अतुलरावांच्या मते पंख्याच्या घरघरीत संगीतातले बारकावे हरवतात. तेव्हा मे महिन्यातल्या दुपारी आम्ही चौघं दारं-खिडक्या लावून, टॉवेलने मान पुसत, बारकावे ऐकत बसतो. रमाने पहिल्याच दिवशी त्याला बुद्धमूर्तीशेजारची जागा नाकारली, फुलं कोमेजतात म्हणाली. मला वाटलं, चला, घरात एक तरी माणूस आपल्या बाजूचा आहे. दुसऱ्या दिवशी पाहतो तर तिने यंत्राच्या मागे ताटभर कुरडया वाळत घातलेल्या. शिवाय इतकं तापूनही ते लगेच नीट वाजत नाही. शंभर तास वाजवून त्याला म्हणे ‘खुलू’ द्यावं लागतं. ताई, मी चौतीस वर्षं वजनमापं खात्यात काढली. एखाद्या किराणावाल्याने मला सांगितलं असतं की साहेब, हे किलोचं वजन नवीन आहे, शंभर तास वापरलं की बरोबर किलो भरेल, तर मी त्याच्या दुकानाला कुलूप ठोकून किल्ली खिशात घालून आलो असतो. इथे मी ‘अच्छा, शंभर का’ म्हणालो आणि टॉवेल पिळून आलो.

माझं म्हणणं साधं आहे. ॲम्प्लिफायर म्हणजे तराजू. त्याने स्वतःचं काही घालायचं नाही आणि आपलं काही काढून घ्यायचं नाही. जे आत आलं तेच, फक्त मोठं होऊन, बाहेर गेलं पाहिजे. तराजू गोड असावा, ऊबदार असावा, असं कुणी म्हटलं आहे का? अतुलराव म्हणतात. ते स्वतःच सांगतात, आणि छाती फुगवून सांगतात, की व्हॉल्व्हमधून जाताना मूळ सुराला त्याच्याच वरच्या सप्तकातल्या सुराची एक बारीक जोड मिळते आणि ती कानाला सुखावते. म्हणजे भेसळ! (भेसळ माझ्या खात्यात येत नव्हती, पण शेजारच्याच इमारतीत ते खातं होतं आणि आम्ही डबा एकत्र खात असू.) भेसळ लपवणारे मी हजार पाहिले, भेसळ करून वर ती ऐकायला पाहुणे बोलावणारा माणूस माझ्याच घरात निघावा याचं मला फार वाईट वाटलं. न्यायाने सांगायचं तर त्यांनी माझ्या ट्रान्झिस्टरचंही एक उणं काढलं आहे. अगदी हळू आवाजात तो किंचित खरखरतो म्हणे. लुंबिनीही म्हणाली, “पप्पा, यार, थोडा ड्राय तर वाटतोच.” (दिल्लीत वाढलेल्या मुलीला ‘कोरडा’ हा शब्द मिळू नये, ते एक दुःख वेगळंच.) मी ते मान्य केलेलं नाही. मी आवाज मोठा केला.

आता तू म्हणशील, सुख्या, ऐकायचं तर ऐक, नाहीतर कानात कापूस घालून बस, एवढा तळतळाट कशाला? तळतळाट आबांसाठी आहे. येत्या २१ जूनला आबांना जाऊन पन्नास वर्षं होतात. त्या दिवशी आमच्याकडे पुण्यानुमोदन ठेवलं आहे. पहाडगंज, द्वारका, नोएडा इथली आपल्या ओळखीची पंचवीस-तीस माणसं येतील, वंदना होईल, आणि मग आबांची कॅसेट लावायची असं मी सगळ्यांना सांगून बसलो आहे. पंचाहत्तरच्या बुद्धपौर्णिमेला आपला मावसभाऊ पांडूदादा पलटणीतून सुट्टीवर येताना जपानी टेपरेकॉर्डर घेऊन आला होता आणि आपल्या वस्तीतल्या कार्यक्रमात त्याने आबांचं गाणं भरून घेतलं, ती कॅसेट. सतरा मिनिटांची आहे. दोन गाणी पूर्ण, तिसरं अर्धं, मध्ये कुणाचंतरी मूल रडतं आणि कुणीतरी ‘सतरंजी सरकवा’ म्हणून ओरडतं. आबांचा आवाज म्हणून या जगात एवढंच उरलं आहे. येणाऱ्यांपैकी एकानेही आबांना पाहिलेलं नाही. लुंबिनीने नाही, रमानेही नाही. त्या दुपारी आमच्या हॉलमध्ये जे ऐकू येईल तेच त्यांचे आबा, कायमचे. मग ते कुठल्या यंत्रातून यावेत हा प्रश्न चपलांच्या कपाटावरचा राहतो का? अतुलराव म्हणतात, “पप्पा, आजोबांचा आवाज चांगला यावा एवढंच मला वाटतं.” चांगला नको! होता तसा हवा! आबा जिनिंगमध्ये राबले, घशात कापसाची धूळ घेऊन गायले, त्यांचा आवाज कुणाच्या कानाला सुखवावा म्हणून बनलेला नव्हता. हे सगळं मी मनात म्हणालो. तोंडाने म्हणालो, तुमचंही बरोबर आहे.

शेवटी मी खात्याच्या रीतीने जायचं ठरवलं. वाद असला की काय करतात? पंच बोलावतात, माल सीलबंद करतात, पंचनामा करतात. गेल्या रविवारी सकाळी अकरा वाजता आमच्या हॉलमध्ये दोन्ही ॲम्प्लिफायर चादरीच्या पडद्यामागे ठेवण्यात आले. पंच क्रमांक एक, वर उल्लेखलेला गौरव, जो दडपे पोह्यांच्या आशेने आला होता. पंच क्रमांक दोन, बी विंगमधले निवृत्त सुभेदार विश्वासराव, साताऱ्याकडचे, ज्यांचा डावा कान तोफखान्यात निकामी झाला आहे. (उजवा शाबूत आहे आणि सरकारी कामाला एक कान पुरतो.) दोघांनीही आबांना कधी ऐकलेलं नव्हतं, म्हणजे दोघंही पूर्ण तटस्थ. पडद्यामागे रमा आणि लुंबिनी. चिठ्ठी काढून कधी हे यंत्र आधी, कधी ते, अशा बारा फेऱ्यांत पहिल्या गाण्याचा मुखडा दोन्हींवर लावायचा, आधीचा आवाज ‘अ’, नंतरचा ‘ब’, आणि पंचांनी कागदावर ‘अ’ की ‘ब’ एवढंच लिहायचं, असं ठरलं. कुठला आवाज जास्त खरा वाटतो, हा प्रश्न. गौरवने सुरुवातीलाच विचारलं, “अंकलजी, पर ओरिजिनल आवाज कैसी थी?” मला हा आगाऊपणा आवडला नाही. पंचाने प्रश्न विचारायचे नसतात, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं.

आता मोठा आवाज नेहमी जास्त चांगला वाटतो, हे अतुलरावांनीच मला शिकवलेलं. म्हणून जुन्या सहकाऱ्याकडून आवाज मोजायचं यंत्र आणून मी दोन्हीकडचा आवाज काट्यावर काटा जुळवला, आणि नंतर कुणी बटणाला हात लावू नये म्हणून दोन्ही बटणांना सुतळी बांधून सील केलं. लाखेचं सील, ताई! निवृत्त होताना मी लाखेच्या दोन कांड्या आणि पितळी शिक्का आठवण म्हणून आणला होता (शिक्का बाद झालेला होता, चोरी नव्हे). आमच्या खात्याचा नियम असा की सील नेहमी वरच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल असं करायचं. त्याप्रमाणे मी सुतळी बटणावरून वर घेतली आणि यंत्राच्या माथ्यावर, व्हॉल्व्हच्या रांगेला लागून, लाख ओतून शिक्का उठवला. चौतीस वर्षांत मी हजारो तराजू सील केले. त्यातला एकही तापणारा नव्हता.

सहाव्या फेरीपर्यंत सगळं उत्तम चाललं. सातव्या फेरीला गौरव डोळे मिटून डुलायला लागला. आठव्या फेरीला त्याने “वाह अंकलजी, क्या गरमाहट है, जैसे मंदिर में बैठे हों” असं म्हटलं, आणि विश्वासरावांनीही नाक वर करून मान हलवली. मी रागाने फणफणत कागदावर ‘पंच बोलतात’ अशी नोंद करत होतो, तेवढ्यात पडद्यामागून लुंबिनी किंचाळली. लाख वितळून व्हॉल्व्हच्या बुडाशी गेली होती आणि तिचा धूर, अगदी सुगंधी, चादरीवरून हॉलमध्ये पसरत होता. त्या धुरालाच हा गौरव आवाजाची ऊब समजत होता! मग ठक्‌ असा आवाज झाला, उजवीकडचा एक व्हॉल्व्ह निळा होऊन विझला आणि आबा एकाच स्पीकरमधून गाऊ लागले. अतुलरावांनी धावत येऊन वायर उपटली. ते मला एक शब्द बोलले नाहीत. सुनेने बोलावं, मुलाने भांडावं, पण जावयाने गप्प बसणं फार वाईट असतं हे तुला सांगतो. पंचांची मतं मोजली तर विश्वासरावांनी सगळ्या आठ फेऱ्यांपुढे ‘अ’ आणि ‘ब’ दोन्ही लिहिलेलं. मी विचारलं, हे काय, तर म्हणाले, “साहेब, दोन्हीकडनं गडी त्योच गातोय की. मी काय वेगळं सांगू?” हा माणूस सैन्यात तोफांचे नेम कसे धरत असेल, असं माझ्या मनात आलं. पोहे मात्र दोघांनी दोनदा घेतले.

मग सोमवार ते शुक्रवार एकच क्रम. अतुलराव ऑफिसातून येत, जेवत, आणि व्हॉल्व्हच्या बुडाची लाख टाचणीने खरवडत बसत. शेवटी रमाने मला स्वयंपाकघरात बोलावून जे सांगितलं ते इथे लिहीत नाही. शनिवारी, म्हणजे कालच, मी आणि अतुलराव ते बावीस किलो चारशे ग्रॅम मेट्रोने करोल बागला घेऊन गेलो. कॅसेटचा डेकही बरोबर घेतला, कारण दुरुस्तीवाल्याने फोनवर सांगितलं होतं की जे वाजवता ते सगळं आणा. वैशाली स्टेशनवर सामान तपासणाऱ्या जवानाने पडद्यावर आठ काचेच्या नळ्या पाहून “ये क्या है?” विचारलं. अतुलराव म्हणाले ॲम्प्लिफायर, मी त्याच वेळी म्हणालो हीटर, आणि आम्हांला बाजूला उभं करण्यात आलं. गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या एका गल्लीत तळघरात तो दुरुस्तीवाला बसतो. सत्तरीचे सरदारजी, चष्म्यावर आणखी एक भिंग. मला वाटलं, चला, दोन्ही प्रकारची यंत्रं आयुष्यभर उघडलेला माणूस आहे, हा तरी निवाडा करेल. त्यांनी लाख साफ केली, व्हॉल्व्ह बदलला, आणि तपासायला म्हणून आबांची कॅसेट लावली.

दोन मिनिटं ऐकून त्यांनी कॅसेट थांबवली. “बाऊजी, बल्ब छोड़ो, ट्रांजिस्टर भी छोड़ो. ये टेप ही तेज़ भाग रही है.” ताई, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणे गाणं भरताना टेपरेकॉर्डरचे सेल उतरलेले होते, त्यामुळे फीत हळू फिरली, आणि आता ती नीट वेगाने वाजवली की सगळं पळतं आणि आवाज बारीक होतो. पुरावा काय, तर साथीची पेटी काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मधल्या सुरात वाजते आहे आणि तिथे पेटीला पट्टीच नसते. आणि गाणं पुढे जाईल तसा सूर चढत जातो, तेही सेल संपत आल्यामुळे! आपण सगळे आजवर काय सांगत आलो? आबा रंगात आले की त्यांचा सूर आपोआप चढायचा. माझ्या निरोप समारंभाच्या भाषणात मी हे सांगितलं आहे, टाळ्या पडल्या आहेत. आणि हा माणूस तळघरात बसून म्हणतो की ते सेल होते.

एवढ्यावर थांबले असते तरी मी सोडून दिलं असतं. त्यांनी डेकचं झाकण उघडलं, आतला एक मुगाएवढा स्क्रू दाखवला, आणि तो फिरवून आबांना हळू करत न्यायला सुरुवात केली. काळी दोनवर आणलं, तिथे एक माणूस गात होता. आणखी फिरवून पांढरी दोनवर आणलं, तिथे दुसराच. काळी एकला तिसरा, जाड आवाजाचा, थकलेला. तिन्ही ठिकाणी पेटी सुरात, तिन्ही ठिकाणी सगळं बरोबर. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, “अब आप बताओ, कहाँ रोकूँ? सुना तो आपने है.” अतुलरावही माझ्याकडे पाहू लागले. हे काय विचारणं झालं, ताई? गिऱ्हाइकाने कारागिराला काम सांगायचं की कारागिराने गिऱ्हाइकाची परीक्षा घ्यायची? मी त्यांना सांगितलं की मापाचं काम अंदाजाने होत नसतं, प्रमाण असल्याशिवाय मी कुठल्याच आकड्यावर सही करत नाही, आणि डेक उचलून पायऱ्या चढून वर आलो. त्यांनी मागून अतुलरावांच्या हातात एक छोटा स्क्रू ड्रायव्हर दिला. परतीच्या मेट्रोत अतुलराव मांडीवर ते धूड घेऊन बसले होते आणि वैशालीपर्यंत त्यांनी मला एक प्रश्न विचारला नाही. इतका समजूतदारपणा मला सहन होत नाही.

तर असं आहे. सध्या हॉलमध्ये दोन्ही ॲम्प्लिफायर शेजारी शेजारी आहेत, डेक उघडा पडला आहे, आणि तू निवाडा कर की या सगळ्यात माझी चूक कुठे आहे. एका बाजूला आयुष्यभर खरं माप जपलेला माणूस, दुसऱ्या बाजूला गोड बल्ब, बहिरा सुभेदार, पोहे खाणारा सेक्रेटरी आणि उद्धट कारागीर. पंचनाम्याची प्रत सोबत जोडली आहे, ती भाऊजींना नव्या डोळ्याने वाचायला दे. गुडघ्याला तेल लावत जा आणि जिन्याने गच्चीवर जाऊ नकोस.

तुझा धाकटा,
सुखदेव

ता. क. येणारं-जाणारं कुणी असेल तर सांडगे पाठव. इथे मिळतात त्यात कोहळा नसतो, नुसती डाळ असते, आणि ते सांडगे म्हणूनच विकतात.

ता. क. आणखी. पंचनाम्यात माझ्या नावापुढे ‘मत नोंदवले नाही’ असं लिहिलं आहे. ते खरं नाही. मीही पडद्यासमोर बसून आठही फेऱ्यांचा कागद भरला होता आणि नंतर तो खिशात घातला. आठपैकी सात वेळा मी जो आवाज खरा म्हणून लिहिला तो व्हॉल्व्हचा निघाला. त्यातल्या पाच वेळा धूरही नव्हता. हे अतुलरावांना कळता कामा नये.

ता. क. शेवटचा. रमा भाजी आणायला खाली गेली आहे, तेवढ्यात लिहून टाकतो. त्या तळघरात मी ‘थांबा’ म्हणालो नाही ते अपमान झाला म्हणून नाही. मला कळेना. ताई, मला आबांचा आवाज आठवत नाही. दहाव्या वर्षी मला नागपूरच्या वसतिगृहात घातलं आणि तेराव्या वर्षी परत आणलं ते आबांना शेवटचं बघायला. त्यांची मिशी आठवते, मिशीवर बसलेला कापूस आठवतो, माझी वही हातात धरायचे तो अंगठा आठवतो. आवाज म्हणून जो आठवतो तो या कॅसेटमधला आहे, आणि तो उतरलेल्या सेलांचा निघाला. ते तिघं गात होते आणि त्यांतले माझे वडील कोण हे मला सांगता आलं नाही, जावयाच्या देखत. तू लग्न होईपर्यंत त्यांच्यामागे उभी राहून कोरस धरलास. तू बावीस वर्षं ऐकलं आहेस. म्हणून तू ये. गुडघा, भाऊजींचा डोळा, हे ऊन, मला सगळं मान्य आहे, तरी ये. अतुल तिकीट काढतो म्हणतो आहे, खालचा बर्थ, १७ जूनचं. मोबाईलवर पाठव असं म्हणू नकोस, त्या चिमूटभर स्पीकरमधून मी तुला आबा ऐकवणार नाही. इथे खुर्चीत बस, अतुल स्क्रू फिरवेल. तू कुठे थांब म्हणतेस ते मी ऐकेन, मग ऐकायला यंत्र कुठलंही असो. आणि ताई, पन्नास वर्षांत तूही विसरली असलीस, तर ते मला सांगू नकोस. कुठेतरी एका जागी ठामपणे ‘थांब’ म्हण. मी पुन्हा विचारणार नाही.